घरात पायोरिया चालत आला असेल तर: कोणती पायरी आधी, कोणती नंतर

‘आमच्या घराण्यातच दात चाळिशीत पडतात’ असं म्हणणाऱ्या घरांत दोन टोकांची माणसं भेटतात. एक दात हलायला लागेपर्यंत काहीच करत नाही. घराण्यातच आहे म्हटल्यावर चुकणार कसं, ही त्याची समजूत. दुसऱ्या प्रकारची माणसं हल्ली वाढली आहेत. ती आधी थुंकीची जनुकचाचणी मागवतात, अहवालात ‘धोका सरासरीइतका’ असं वाचतात आणि हिरड्यांतून रक्त येत असतानाही निर्धास्त होतात. दोघांचंही नुकसान पायऱ्यांचा क्रम चुकल्यामुळे होतं. जनुकांमुळे हा आजार काहींना लवकर आणि जोरात होतो, हे खरं आहे. पण मोठ्या माणसात ती प्रवृत्ती ओळखायची सर्वांत भरवशाची साधनं आजही साधी आहेत: मिलिमीटरच्या खुणांची सळई, एक एक्स-रे आणि तुमचं वय. जनुकचाचणी लागते ती प्रामुख्याने मोजक्या मुलांना, आणि तिथे मात्र ती लांबवून चालत नाही.

## सुरुवातीलाच: दोन आजार वेगळे करा

हिरडी सुजणं, लाल होणं, घासताना रक्त येणं हा पहिला आजार. यात दाताभोवतीचं हाड शाबूत असतं आणि सफाई नीट सुरू केली की एक-दोन आठवड्यांत सूज उतरते. दुसऱ्या आजारात हिरडी आणि दात यांच्यातला जोड सुटतो, हाड झिजतं, दात हलतो. गेलेलं हाड आपोआप भरून येत नाही. बोलण्यात दोन्हींना ‘पायोरिया’च म्हणतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

आनुवंशिकतेचा प्रश्न मुख्यतः दुसऱ्या आजाराचा आहे. अमेरिकेत ११७ जुळ्या जोड्यांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. जोड आणि हाड झिजण्यात माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला साधारण निम्मा त्यात जनुकांशी जोडता आला. नुसत्या हिरडीच्या सुजेत मात्र, सवयी हिशेबात धरल्यावर, जनुकांचा वाटा दिसला नाही. हा ‘निम्मा’ आकडा फार चुकीचा वाचला जातो. ‘माझा अर्धा आजार आईकडून आला’ असा त्याचा अर्थ होत नाही. तो लोकांच्या समूहातल्या फरकाचा आकडा आहे. एका माणसाच्या तोंडाबद्दल तो काही सांगत नाही.

प्रवृत्ती किती वेगवेगळी असते, हे श्रीलंकेतल्या चहामळ्यांवर दिसलं. दात घासण्याची सवयच नसलेल्या ४८० कामगारांची १९७० पासून १५ वर्षं पाहणी झाली. सगळ्यांच्या दातांवर जिवाणूंचा थर सारखाच जमलेला, तरी ८ टक्क्यांचं हाड झपाट्याने गेलं, ८१ टक्क्यांचं मध्यम गतीने गेलं आणि ११ टक्क्यांचा आजार हिरडीच्या सुजेपुढे सरकलाच नाही. तुमचं घर यातल्या कोणत्या गटातलं आहे, ते पुढच्या पायऱ्यांतून शोधायचं आहे.

## १. घराण्याचा तक्ता कागदावर मांडा

सुरुवात सख्ख्या नात्यांपासून करा: आई, वडील, भावंडं, मुलं. मग मामा, मावशी, आत्या, काका आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा. प्रत्येकाच्या नावापुढे एवढं लिहा:

- पहिला दात हलायला लागला तेव्हा वय किती होतं?
- गेलेले दात हलून गेले, की किडीमुळे काढावे लागले?
- आधी कोणते गेले: पुढचे पटाशीचे, दाढा, की सगळे थोडेथोडे?
- कवळी कोणत्या वयात बसवली?
- तंबाखू, मिश्री, गुटखा, बिडी-सिगारेट: किती वर्षं?
- मधुमेह आहे का, आणि तो कधी कळला?
- आई-वडिलांचं लग्न नात्यातलं आहे का?

दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि नेमकं त्याचंच उत्तर गुळमुळीत मिळतं. ‘आजीचे दात लवकर गेले’ एवढ्याने काही कळत नाही. किडीने गेलेल्या दाताचा वरचा भाग पोखरलेला, काळा, तुटलेला असतो. हाड गेल्यामुळे पडलेला दात हातात घेतला तर अख्खा असतो: वरचा भाग धडधाकट, मूळ लांब आणि बऱ्याचदा त्या मुळावर खालपर्यंत तपकिरी-काळा कडक थर. म्हणून वडीलधाऱ्यांना विचारताना ‘दात दुखून काढला का?’ असं विचारू नका. ‘पडला तेव्हा दात चांगला दिसत होता का? बोटाने हलवून निघाला का?’ असं विचारलं की नेमकं आठवतं.

सावधान: एका घरात वाढलेल्यांच्या सवयीही सारख्याच असतात. सासू, सून आणि नणंद तिघींचे दात हलत असतील आणि तिघी सकाळी एकाच डबीतली मिश्री लावत असतील, तर ते आनुवंशिक म्हणू नका. सून दुसऱ्या घरातून आलेली आहे, हाच त्यातला पुरावा. या आजाराशी जोडलेले काही जिवाणूसुद्धा घरातल्या माणसांत एकमेकांकडे जातात. रक्ताच्या नात्यातल्या, पण वेगळ्या घरी राहणाऱ्या आणि तंबाखूला न शिवणाऱ्या माणसाचे दात तिशी-पस्तिशीत हलले असतील, तर ती नोंद तक्त्यात सर्वांत वजनदार समजा.

## २. दवाखान्यात जाण्यापूर्वीची तयारी

इथे लोक सर्वांत जास्त घाई करतात. मोजमापाआधी पुढच्या गोष्टी करून ठेवा.

मधुमेहाची तपासणी. उपाशीपोटीची एकच साखर पुरेशी नाही. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी करून घ्या. मधुमेह असेल आणि हा आकडा ७ किंवा त्याहून जास्त असेल, तर आजार वेगाने वाढणाऱ्या गटात धरला जातो, मग जनुकं कशीही असोत.

औषधांची यादी. रक्तदाबाची अ‍ॅम्लोडिपिन आणि निफेडिपिन, फेफऱ्यावरची फेनिटॉइन, अवयव बदलल्यावर दिली जाणारी सायक्लोस्पोरिन यांनी हिरडी फुगून दातांवर चढते. आईची आणि मुलाची हिरडी सारखी फुगलेली दिसली, तरी दोघांना एकच रक्तदाबाची गोळी चालू असू शकते. गोळी स्वतःहून बंद करू नका. ज्यांनी ती दिली त्या डॉक्टरांना विचारा.

जुने एक्स-रे. पाच-सात वर्षांपूर्वी काढलेला ओपीजी, म्हणजे सगळ्या दातांचा एकत्र मोठा एक्स-रे, किंवा एका दाताचा छोटा एक्स-रे घरात कुठेतरी पाकिटात असतो. तो शोधा. पाच वर्षांत हाड किती सरकलं हे त्याच्याइतकं थेट कोणतीही चाचणी सांगत नाही.

तंबाखूचा खरा आकडा. सिगारेट ओढणाऱ्याच्या हिरडीतून रक्त कमी येतं, त्यामुळे हिरडी निरोगी भासते आणि खाली हाड जात राहतं. दिवसाला १० किंवा जास्त सिगारेटी असतील तर तोही वेगवान गट. आकडा लपवलात तर पुढचा सगळा हिशेब चुकेल.

या दोन गोष्टी करू नका. मोजमापाच्या आदल्या आठवड्यात दुकानातून अँटिबायोटिक आणून घेऊ नका. ‘डॉक्टरांसमोर दात स्वच्छ दिसावेत’ म्हणून दुसरीकडे सफाई करून जाऊ नका. सूज उतरली की पॉकेटची, म्हणजे हिरडी आणि दात यांच्यातल्या खाचेची, खोली कमी भरते आणि मूळ आकडा कायमचा हुकतो.

सावधान: हृदयाची झडप बदललेली असेल, पूर्वी हृदयाच्या आतल्या आवरणाला संसर्ग झाला असेल किंवा जन्मजात हृदयविकार असेल, तर हिरडीत सळई घालण्यापूर्वी डॉक्टरांना सांगा. काहींना आधी अँटिबायोटिकची मात्रा द्यावी लागते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तेही सांगा, पण ती मनाने थांबवू नका.

## ३. मोजमाप: आरशात बघून भागत नाही

आधी चाळणी होते. तोंडाचे सहा भाग करतात आणि टोकाला अर्ध्या मिलिमीटरचा गोळा असलेली सळई हिरडीच्या कडेने हलक्या हाताने फिरवतात. साधारण २० ते २५ ग्रॅमचा दाब पुरतो. प्रत्येक भागाला ० ते ४ असा आकडा मिळतो. कुठेही ३ किंवा ४ आला तर पूर्ण नोंद व्हायला हवी, आणि ४ आला तर ती टाळूच नये.

पूर्ण नोंदीत एकेका दाताभोवती सहा ठिकाणी खोली मोजतात. २८ दात असतील तर १६८ आकडे. डॉक्टर ‘तीन, दोन, तीन… सहा’ असे आकडे सांगत जातात आणि सहायक लिहून घेतो. हे कानावर पडलं नाही, कागदावर किंवा संगणकावर तक्ता तयार झाला नाही, तर तुमचं मोजमाप झालेलं नाही. ‘थोडा पायोरिया आहे, सफाई करून टाकू’ एवढ्यावर उठू नका. नम्रपणे पूर्ण नोंद मागा. हिरडीरोगतज्ज्ञ, म्हणजे पेरिओडॉन्टिस्ट, हे काम रोज करतात. खासगीत परवडत नसेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालयं आणि मुंबईचं नायर दंत महाविद्यालय इथे या विषयाचे विभाग आहेत.

आकडे कसे वाचायचे? १ ते ३ मिलिमीटर निरोगी. ४ मिमी आणि सोबत रक्त, म्हणजे लक्ष हवं. ६ किंवा जास्त असेल तर घरचा ब्रश तिथपर्यंत पोचणार नाही.

लोकांची नजर हमखास चुकते ती सरकलेल्या हिरडीवर. पॉकेट ३ मिमी भरलं म्हणून आनंद होतो, पण हिरडी आधीच ३ मिमी खाली उतरलेली असते. सुटलेला जोड म्हणजे या दोन्हींची बेरीज. पॉकेट ५ आणि हिरडी २ मिमी खाली, तर ७ मिमी जोड गेला. साठीपुढच्या माणसांत पॉकेट उथळ आणि दात लांब दिसतात ते यामुळे.

तपासून घ्या: तक्त्यात चार गोष्टी आहेत ना? खोली, हिरडी किती सरकली, रक्त आलं का, दात किती हलतो. प्रत किंवा फोटो घरी आणा.

## ४. भागाकार करा: प्रवृत्ती इथे दिसते

२०१८ पासून जगभर वापरात असलेल्या वर्गीकरणात आजाराला दोन गोष्टी जोडतात: नुकसान किती झालं याची पायरी, १ ते ४, आणि ते किती वेगाने झालं याची श्रेणी, ए, बी किंवा सी. आनुवंशिक कल शोधणाऱ्याने श्रेणीकडे बघायचं.

जुना एक्स-रे असेल तर थेट तुलना होते: पाच वर्षांत काहीच झीज नाही तर ए, २ मिमीपेक्षा कमी तर बी, २ मिमी किंवा जास्त तर सी. जुना एक्स-रे नसेल तर सर्वांत वाईट दातापाशी मुळाच्या लांबीच्या किती टक्के हाड गेलं ते बघतात आणि त्याला वयाने भागतात. उत्तर ०.२५ पेक्षा कमी आलं तर ए, ०.२५ ते १ असेल तर बी, १ पेक्षा जास्त तर सी.

उदाहरण घ्या. मुलगा ३४ वर्षांचा, हाड ४० टक्के गेलेलं: ४० भागिले ३४ म्हणजे साधारण १.१८. श्रेणी सी. त्याच्या ६२ वर्षांच्या काकांचंही हाड ४० टक्केच गेलेलं: ४० भागिले ६२ म्हणजे ०.६५. श्रेणी बी. दोघांचे एक्स-रे शेजारी ठेवले तर सारखे दिसतील, पण मुलाचं शरीर जवळपास दुप्पट वेगाने हाड गमावतंय. तो तंबाखू खात नाही, साखर नेहमीसारखी आहे, दातांवर थरही बेताचाच आहे आणि तरीही १.१८, असं असेल तर त्याच्यात प्रवृत्ती आहे असं धरून चालायचं. कोणत्या जनुकामुळे, हे न कळताही पुढचा सगळा उपचार ठरवता येतो.

या भागाकाराला दोन खाचखळगे आहेत. अक्कलदाढ काढलेल्या जागेशेजारची दाढ, तडा गेलेला दात किंवा नीट न झालेल्या रूट कॅनालचा दात हिशेबात धरू नका. तिथलं हाड वेगळ्या कारणाने गेलेलं असतं. आणि सर्वांत वाईट दात आधीच पडून गेले असतील तर उरलेल्या चांगल्या दातांवरून आकडा फसवा कमी येतो. म्हणूनच पहिल्या पायरीत ‘कोणते दात हलून गेले’ हे लिहायला सांगितलं.

## ५. जनुकचाचणी: कोणी करायची, कोणी नाही

मोठ्या माणसांनी सहसा नाही. १९९७ साली इंटरल्युकिन-१ या दाह वाढवणाऱ्या प्रथिनाच्या जनुकांतले दोन बदल एकत्र असतील तर धूम्रपान न करणाऱ्यांत गंभीर आजाराशी संबंध दिसतो, असं प्रसिद्ध झालं आणि त्यावरून विकत मिळणारी चाचणी निघाली. पण त्या बदलांवरून पुढे हाड किती जाईल हे सांगण्याइतका पुरावा पुढच्या आढाव्यांत मिळाला नाही. शिवाय हे बदल प्रत्येक समाजात सारखे नसतात. युरोपीय वंशाच्या लोकांत साधारण तीनातल्या एकाकडे ही जोडी सापडते. चिनी वंशाच्या ३०० लोकांत ती केवळ २.३ टक्क्यांकडे निघाली, आणि हिरड्यांचा आजार त्यांनाही होतोच. नंतरच्या शोधांत जीएलटीसिक्सडीवन, सिग्लेक-फाइव्ह आणि हृदयविकाराशीही जोडलेला अनरिल हा भाग अशी नावं पुढे आली. एकेका बदलाचा परिणाम छोटा आहे. अहवाल ‘धोका जास्त’ म्हणाला तरी उपचार तोच, ‘धोका कमी’ म्हणाला तरी तोच. जास्त घातक दुसरा, कारण तो वाचून माणूस तपासणी सोडतो.

मुलांत मात्र ही लक्षणं दिसली तर थांबू नका:

- दुधाचे दात पाच वर्षांच्या आत हलणं किंवा पडणं.
- हाता-पायांच्या तळव्यांची कातडी जाड, खरखरीत, भेगाळलेली असणं आणि सोबत हिरड्या सुजलेल्या असणं.
- वारंवार ताप, तोंड येणं, कान-छातीचा संसर्ग, जखमा न भरणं.
- नडगीवर सहज काळे-निळे डाग पडून तपकिरी वण राहणं.

पडलेला दुधाचा दात फेकू नका. सहा-सात वर्षांच्या मुलाचा वेळेवर पडलेला दात आतून पोकळ टोपीसारखा असतो, कारण मूळ विरघळून गेलेलं असतं. तीन वर्षांच्या मुलाचा दात पूर्ण लांब मुळासकट हातात आला तर तो स्वच्छ डबीत ठेवून डॉक्टरांना दाखवा.

क्रम असा ठेवा. आधी दोन साध्या रक्तचाचण्या: पेशींच्या वेगवेगळ्या मोजणीसह सीबीसी, आणि अल्कलाइन फॉस्फटेज, म्हणजे हाड-दात घडायला लागणारं एक एन्झाइम. सीबीसीत न्यूट्रोफिल या संसर्गाशी लढणाऱ्या पेशींची खरी संख्या बघायची. नुसती टक्केवारी फसवते. एक अहवाल ठीक आला तरी निर्धास्त होऊ नका. एका आजारात या पेशी साधारण दर २१ दिवसांनी घसरतात, त्यामुळे सहा आठवडे आठवड्यातून दोन-तीनदा मोजणी लागते. अल्कलाइन फॉस्फटेजमध्ये घात वेगळाच होतो. सगळ्यांना हा आकडा वाढलेला बघायची सवय असते. इथे तो कमी असणं ही खूण आहे. लहान मुलांत तो मुळातच मोठ्यांपेक्षा जास्त असतो. प्रयोगशाळेने मोठ्यांची मर्यादा छापली तर मुलाचा कमी आकडाही ‘नॉर्मल’ दिसतो. वयानुसारची मर्यादा मागून घ्या.

त्यानंतर बालरोगतज्ज्ञांमार्फत आनुवंशिकी तज्ज्ञांकडे. तळव्यांची जाड कातडी असेल तर सीटीएससी जनुक तपासतात. त्यातल्या बिघाडाने पॅपियाँ-लेफेव्हर हा आजार होतो, हे १९९९ साली कळलं. दुधाचे दात चार-पाच वर्षांपर्यंत जातात आणि उपचार न झाल्यास कायमचेही पंधराच्या आसपास. फॉस्फटेज कमी असेल तर एएलपीएल, नडगीवर वण असतील तर सीवनआर आणि सीवनएस. नमुना बहुधा जांभळ्या टोपीच्या नळीतलं थोडं रक्त असतो. थुंकी मागितली तर आधी अर्धा तास खाणं, पिणं, दात घासणं बंद.

सीटीएससीचा आजार आई आणि वडील दोघांकडून एकेक बिघडलेली प्रत आल्यावरच होतो. दोघं वाहक, म्हणजे एकेकच बिघडलेली प्रत असलेले, असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. पहिल्या मुलाला झाला म्हणून दुसरं सुटत नाही. प्रत्येक वेळी हिशेब नव्याने. आतेभाऊ-मामेबहीण असं लग्न महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी रीतीचं आहे, आणि अशा जोडप्यांत दोघांकडे तीच बिघडलेली प्रत असण्याची शक्यता वाढते. हे विचारणं म्हणजे कुणाला दोष देणं नव्हे. आई-वडिलांची तपासणी झाली तर पुढच्या बाळासाठी वेळेत सल्ला मिळतो.

सावधान: अहवालात ‘अर्थ अनिश्चित असलेला बदल’ असं आलं तर ते निदान नसतं. त्यावरून मुलाला आजारी ठरवू नका, दात काढून घेऊ नका.

## ६. घरची सफाई आधी बसवा, मग दवाखान्यातली

प्रवृत्ती असलेल्या घरात दातावरचा थर जितका कमी तितकं बरं. इतरांना जे खपतं ते यांना खपत नाही. दवाखान्यात मुळं साफ करण्याआधी एक-दोन आठवडे हे नीट जमवा.

१. रात्री दातांच्या फटी आधी, ब्रश नंतर. ब्रशने सुरुवात केली की दोन मिनिटांत ‘झालं’ असं वाटतं आणि फटी राहतात. आजार मात्र फटीतच सुरू होतो.

२. फटींसाठी छोटा काटेरी ब्रश घ्या. त्याची तार ०.४ ते ०.८ मिमी अशा वेगवेगळ्या जाडीत मिळते. फटीत घालताना ब्रिसल्स किंचित दाबले जावेत, तार दाताला घासू नये. जोर लावावा लागला तर एक माप लहान घ्या. सैल सरकला तर मोठं. एकाच तोंडात दोन-तीन मापं लागतात. आत-बाहेर चार-पाच वेळा. फट बंद असेल तिथेच फ्लॉस.

३. मऊ ब्रश हिरडीच्या कडेला ४५ अंशांत धरा. ब्रिसल्सची टोकं अर्धी हिरडीवर, अर्धी दातावर. जागेवरच बारीक थरथरवा, मग दाताच्या टोकाकडे ओढा. जोरात आडवं घासल्याने हिरडी खाली उतरते. दोन मिनिटं, दिवसातून दोनदा.

४. आठवड्यातून एकदा थर रंगवणारी गोळी चघळा आणि आरशात बघा. खालच्या पटाशीच्या दातांची जिभेकडची बाजू आणि वरच्या शेवटच्या दाढेची गालाकडची बाजू, इथे रंग हटकून राहतो.

पहिल्या आठवड्यात काटेरी ब्रश लाल होऊन निघेल. इथेच बहुतेक जण थांबतात. रक्त सुजेमुळे येतं, आणि सूज थरामुळे असते. रोज त्याच फटीत ब्रश गेला तर आठ ते चौदा दिवसांत रक्त कमी होतं. पंधरा दिवसांनीही एखाद्या जागेतून तसंच येत राहिलं तर ती जागा लिहून ठेवा. तिथे खोल पॉकेट असण्याची शक्यता आहे.

मिश्री, राखुंडी, कोळशाची भुकटी पूर्ण बंद. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच; हिरडी बधिर झाली की बरं वाटतं, एवढंच. क्लोरहेक्सिडिनचं ०.२ टक्के औषध १० मिली, एक मिनिट तोंडात खळखळवून थुंकायचं, दिवसातून दोनदा, तेही दोन आठवड्यांच्या वर नको. दात तपकिरी होतात, चव बिघडते. टूथपेस्ट आणि हे औषध यांत अर्धा तास जाऊ द्या.

## ७. मुळांची सफाई आणि फेरमोजणी

खोल पॉकेटमध्ये जागा बधिर करून मुळावरचा थर काढतात. नंतर दात लांब दिसतात, फटी उघडतात, गार पाणी काही आठवडे झणझणतं. ‘सफाईने दात हलायला लागले’ ही तक्रार इथलीच. दात आधीच हलत होते. कडक थराने आणि सुजेने ते झाकलेलं होतं.

तीन महिन्यांनी पुन्हा तेच आकडे घ्या. जोड बसायला वेळ लागतो, म्हणून सहा आठवड्यांच्या आत मोजू नका. लक्ष्य हे: पॉकेट ४ मिमी किंवा कमी आणि तिथून रक्त नाही. ६ मिमी किंवा जास्त राहिलेल्या जागी हिरडी उघडून उपचार करावा लागू शकतो. काही तरुण, वेगवान रुग्णांना सोबत अँटिबायोटिक देतात. सफाईशिवाय नुसत्या गोळ्या निरुपयोगी ठरतात. मेट्रोनिडाझोल चालू असताना दारू चालत नाही.

सावधान: ‘घराण्यातच आहे, सगळे काढून इम्प्लांट बसवू’ असा सल्ला मिळाला तर आधी फेरमोजणी होऊ द्या. आजार ताब्यात नसलेल्या तोंडात इम्प्लांटभोवतीचं हाडही जातं.

श्रेणी सी असेल तर पुढे दर तीन महिन्यांनी देखभाल. सलग वर्षभर आकडे स्थिर राहिले तर अंतर वाढवायचं की नाही, हे तक्ता बघून ठरवा.

## ८. भावंडं आणि मुलं

तुमची श्रेणी सी आली, की सख्ख्या भावंडांना दुखण्याची वाट न बघता चाळणीला पाठवा. मुलांची छोटी चाळणी सातव्या वर्षापासून होते. त्यात चार पहिल्या दाढा आणि दोन पटाशीचे दात, असे सहाच बघतात. १२ ते १८ या वयात जास्त लक्ष हवं. या वयात एक प्रकार पहिल्या दाढा आणि पटाशीच्या दातांपाशीच हाड खातो, आणि तेव्हा थर किंवा सूज फारशी दिसत नाही. आई म्हणते, ‘हिचे दात तर मोत्यासारखे आहेत.’ वरच्या पुढच्या दातांत नव्याने फट पडली, एक दात पुढे किंवा खाली सरकला, तर ब्रेसेससाठी जाण्याआधी पहिल्या दाढांचा एक्स-रे आणि पॉकेटची मोजणी करून घ्या. हाड जात असताना दात ओढले तर ते आणखी वेगाने जातं.

घराण्याचा तक्ता, पहिला चार्ट, प्रत्येक फेरमोजणी आणि सगळे एक्स-रे एकाच फाइलमध्ये तारखेसकट ठेवा, आणि लग्न होऊन दुसऱ्या गावी जाणाऱ्या मुलीला तिची प्रत द्या.